रुखवतातलं चित्र कुणाचं?

मी सिंधूताईचं चित्र बोलतेय. आवाज चढलेला वाटला तर वाटू द्या. चार महिने मी या दिवाणखान्याच्या भिंतीवर गप्प बसले, आणि या चार महिन्यांत माझ्यासमोर बसून, माझ्याबद्दल, मला आणि मला काढणारीला न विचारता इतकं काही ठरवलं गेलं, की आता चित्रानंसुद्धा तोंड उघडावं.

तुम्ही मला पाहिलं असेल. म्हणजे मला नाही, माझ्यासारख्या दिसणाऱ्या त्या गोऱ्या बाईला. नागपूरच्या कळमन्याच्या बाजारातून निघणाऱ्या संत्र्यांच्या खोक्यांवर ती असते. डोक्यावर केशरी पदर, दोन हातांत दोन संत्री, तोंडात सगळेच्या सगळे दात आणि तेही टूथपेस्टच्या जाहिरातीतले. वर लिहिलेलं असतं, 'संत्रारानी'. ती माझी कोणी लागत नाही. पण ती माझ्यातून कशी निघाली ते सांगायलाच हवं.

माझा जन्म काटोलचा, दोन वर्षांपूर्वीचा. तिथल्या एका संत्र्याच्या शेडमध्ये सिंधूताई छाटणीला बसतात. मोठं संत्रं एका ढिगात, मधलं दुसऱ्यात, आणि अगदी लहान, ज्याला चुरी म्हणतात, ते मागे लोटायचं. आता हे काम करायला मशीन आलं आहे. पण वीज गेली की शेडमधले सगळे सिंधूताईंच्या तोंडाकडे पाहतात. त्या दोन हातांत दोन संत्री घेतात, एक डोळा बारीक करतात आणि बोटांनीच सांगतात कोणतं कुठे जाणार.

वैभवी चरडे तेव्हा काटोललाच आईजवळ राहायची. नागपुरातून चित्रकला शिकून आली होती, पण कुणाच्या नोकरीत नव्हती. कुणाचं मुखपृष्ठ, कुणाची गोष्टीच्या पुस्तकातली चित्रं, कुणाच्या पापडाच्या पाकिटावरचं लेबल, असं एकेक काम घ्यायची आणि करून द्यायची. अशा माणसांना फ्रीलान्स म्हणतात. शेजारीपाजारी 'घरीच असते' म्हणतात.

माझं काम मात्र तिला कुणीच सांगितलं नव्हतं. ती आपण होऊन आठ दिवस त्या शेडमध्ये जाऊन बसली. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "सिंधूताई, तुमचं चित्र काढू का?"

"काहून? मी काय मेली का?" सिंधूताई म्हणाल्या. त्यांच्या घरात ज्यांचे फोटो भिंतीवर होते ते सगळे मेलेलेच होते.

वैभवी हसली, पण वही उघडली नाही. तशीच बसून राहिली. शेवटी ताईंनाच कीव आली.

"काढ वं, काढ. पण खोटं नको काढू. दात पडला आहे तर पडलेलाच राहू दे. नाहीतर लोक म्हणतीन, हे कोण आली नवीन?"

म्हणून माझा वरचा एक दात नाही. हनुवटीवर हिरवं गोंदण आहे. डाव्या अंगठ्याचं नख काळं आहे, कारण ते खोक्याखाली सापडलं होतं. आणि उजव्या कोपऱ्यात, पायाशी, बारीक अक्षरात सही आहे: वैभवी चरडे.

वैभवी फार बोलत नाही, पण एक शिस्त ती पाळते. चित्र देताना सोबत एक कागद देते. हे चित्र कोणत्या कामासाठी दिलं, किती दिवसांसाठी दिलं, त्यात विचारल्याशिवाय बदल करायचा नाही, आणि मालकी हक्क चित्रकाराकडेच राहील. दोघांच्या सह्या. एक पापडवाला तो कागद वाचून म्हणाला होता, "मॅडम, मी चित्र घेऊन राहिलो की प्लॉट?" नागपूरकडच्या माणसाला मालकी म्हटलं की प्लॉटच आठवतो. त्यात त्याची चूक नाही. पण सात-बारा न पाहता प्लॉट न घेणारी हीच माणसं चित्र मात्र भिंतीवरून उचलून नेतात. राग येणार नाही तर काय होणार?

मग वैभवीचं लग्न ठरलं.

रुखवत तुम्हाला माहीत आहे. मुलीच्या हातच्या वस्तू मांडवात मांडायच्या, वऱ्हाडानं येऊन बघायच्या, नावं ठेवायची असतील तर हळू आवाजात ठेवायची. वैभवीच्या मावशांनी कुरडयांचा मनोरा केला होता, साखरेचं तुळशीवृंदावन केलं होतं, नारळाला डोळे लावून नवरा-नवरी केली होती. आणि मधोमध, चौकटीत बसवलेली, मी.

"आई, हे नको मांडू," वैभवी म्हणाली होती.

"मंग काय तुझा कम्प्युटर मांडू?" शोभाताई म्हणाल्या. शोभाताई म्हणजे वैभवीची आई. "तिकडच्यायले कळू दे ना तुले काय येते ते. कुरडई लाटतात की पाडतात, तेही तुले माहीत नाही." आणि त्यांनी माझ्या काचेवर चिठ्ठी चिकटवली: 'चि. सौ. कां. वैभवी हिच्या हातचे'.

लग्न लागलं. रुखवत बांधलं गेलं आणि नवरीसोबत सासरी आलं. कुरडया आठवडाभरात तळून खाल्ल्या. वृंदावनाला मुंग्या लागल्या. कुरडई कुणाची, हे कुणी विचारत नाही, आणि विचारायचं कारणही नाही, कारण कुरडई संपते. चित्र संपत नाही. घोटाळा तिथंच झाला.

वैभवीचे सासरे, बाबाराव गिरडकर, यांचा लकडगंजात पेट्यांचा कारखाना आहे. पूर्वी संत्र्यांसाठी लाकडी पेट्या ठोकायचे, आता पुठ्ठ्याची खोकी बनवतात, पण त्यांच्या तोंडात अजून 'पेटी'च आहे. खोटं कशाला बोलू, या घरात मला सगळ्यात आधी त्यांनीच जवळ केलं. स्वतः स्टुलावर चढून खिळा ठोकला. येईल त्याला सोफ्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "वर पाहा. आमच्या सुनेनं काढलं." पाहुण्यांनी मान हलवली की पुढे, "ऑर्डिनरी नाही, हातचं आहे." मला ते आवडायचे. अजूनही थोडे आवडतात, आणि माझ्या संतापाची खरी अडचण तीच आहे.

जानेवारीत त्यांचे जुने दोस्त ताराचंद आले. ताराचंद कळमन्यातले मोठे व्यापारी. बाबारावांच्या कारखान्यातली निम्मी खोकी त्यांच्याकडे जातात. सोफ्यावर बसले, वर पाहिलं, आणि बघतच राहिले.

"बाबारावजी, हे बाई मले पेटीवर पाहिजे."

"घे ना गा. घरचीच आहे."

"सूनबाईले विचाराचं काही?"

"तिले काय विचाराचं? रुखवतात आली ते. म्हणजे आपलीच झाली ना."

वैभवी तेव्हा स्वयंपाकघरात त्यांच्यासाठीच चहा करत होती. दहा-बारा पावलांचं अंतर. एवढं चालून जाऊन विचारण्याऐवजी बाबाराव पुन्हा स्टुलावर चढले आणि मोबाइलवर माझा फोटो काढला. काचेवर त्यांची सावली पडत होती, म्हणून ताराचंद म्हणाले, "थोडं डावीकडं." इतकी काळजी. चहा आला तोवर मी ताराचंदांच्या फोनमध्ये पोचले होते. वैभवीनं कप ठेवले, वाकून नमस्कार केला आणि आत गेली. तिच्या हातात अजून हिरवा चुडा होता.

संक्रांतीनंतर ती चार दिवस माहेरी गेली. तेवढ्यात ताराचंद एक टाइप केलेला कागद घेऊन आले. या बाईला त्यांना आपल्या मालाची कायमची निशाणी करायची होती, आणि वकिलानं सांगितलं होतं की चित्राच्या मालकाची सही हवी. बाबारावांना चष्मा सापडत नव्हता. त्यांनी टीव्हीच्या टेबलावर ठेवून सही केली. मी वरून वाचलं. 'मी सदर चित्राचा एकमेव मालक असून त्यावरील सर्व हक्क कायमस्वरूपी देत आहे.'

काटोलला सिंधूताईंना विचारून काढलेलं चित्र! आठ दिवस तणसावर मांडी घालून काढलेलं! आणि त्याचा एकमेव मालक कोण, तर ज्यानं खिळा ठोकला तो.

फेब्रुवारीत, मृग बहाराची संत्री निघाली तेव्हा, बाबाराव एक नवंकोरं खोकं घेऊन घरी आले. माझ्याच खाली, टीपॉयवर ठेवलं.

"सूनबाई! अहो, बाहेर या! पाहा, काय आणलं!"

वैभवी पदराला हात पुसत आली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आधी हसू यायला निघालं, मग मध्येच कुठेतरी थांबलं.

खोक्यावरची बाई गोरी होती. गोंदण गेलं होतं. काळं नख गुलाबी झालं होतं. बारीक केलेला डोळा उघडून दुसऱ्या डोळ्याइतका मोठा केला होता, त्यामुळे ती संत्र्याकडे न पाहता गिऱ्हाईकाकडे पाहत होती. पायाशी जिथं सही होती, तिथं छापलं होतं, 'निव्वळ वजन १० किलो'.

"बाबा, हिचे दात कुणी बसवले?" वैभवीनं विचारलं.

बाबाराव मोठ्यानं हसले. "कम्प्युटरवाल्यानं. फुकटात बसवले! डॉक्टरकडे गेली असती तं किती लागले असते?"

सासूबाई देवकीही हसल्या. वैभवीचा नवरा ऋषिकेश फोनमधून डोकं न काढता हसला. वैभवी "छान छापलंय" म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी मला तिचाही राग आला. पापडवाल्याकडून सही घेणारी मुलगी आपल्या सासऱ्यासमोर गप्प! पण नव्या घरात आलेल्या मुलीला पहिले काही महिने फक्त पोळी करपली का, एवढंच बोलायची मुभा असते, हेही मला भिंतीवरून दिसत होतंच.

ती गप्प राहिली असती, आणि हे आत्मवृत्त तुम्हाला वाचावं लागलं नसतं. पण मार्चमध्ये अरुंधतीताईंचा फोन आला.

अरुंधतीताई नागपुरातच पुस्तकं छापतात. काटोलच्या शेडमध्ये छाटणी करणाऱ्या बायकांनी आपापली हकिकत सांगितलेली, असं एक पुस्तक त्या काढत होत्या. त्यात सिंधूताईंचीही हकिकत आहे. वैभवीनं लग्नाआधीच मला त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी दिलं होतं. तिच्या शिस्तीप्रमाणे, कागद करून, एका आवृत्तीपुरतं. सिंधूताईंना ठाऊक होतं. त्यांनी शेडमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पुस्तकावर मी येणार आहे.

"वैभवी, हे काय प्रकरण आहे?" फोनमधून आवाज बाहेरपर्यंत येत होता. "मी मुखपृष्ठ फेसबुकवर टाकलं, आणि आज मला वकिलाची नोटीस. हे चित्र कुठल्या तरी संत्रारानीवाल्यांचं आहे म्हणे. तू चोरलंस म्हणे."

"मी?"

"तूच. 'आपल्या चित्रकार वैभवी चरडे यांनी आमच्या अशिलाच्या मालकीच्या चित्राची चोरी करून', असं लिहिलंय. हे बघ, तू काढलंयस हे मला माहीत आहे. पण सोमवारी मुखपृष्ठ छपाईला जातंय. शनिवारपर्यंत मालकी कुणाची ते मला लेखी दे. नाही जमलं तर मला संत्र्याच्या फांदीचा फोटो टाकावा लागेल."

वैभवीनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग अरुंधतीताईंनी पाठवलेली नोटीस कागदावर छापून आणली आणि सायंकाळच्या चहाला सगळ्यांसमोर वाचली. शांतपणे, अगदी बातम्या वाचतात तशी. 'चोरी' हा शब्द तीनदा आला. तिन्ही वेळा तिनं स्वच्छ वाचला.

बाबारावांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

"ताराचंदनं? आपल्या घरावर?"

"त्यांना माहीत नसेल. वकिलानं पाठवली असेल. माहेरचं चरडे नाव पाहून कुणाला कळणार? पण बाबा, त्यांच्याकडे कागद असल्याशिवाय वकील असं लिहिणार नाही. कागद कुणी दिला?"

मग सगळं बाहेर आलं. सही, टीव्हीचं टेबल, न सापडलेला चष्मा. बाबाराव प्रत्येक वाक्याच्या शेवटी "घरचीच गोष्ट होती ना" म्हणत होते. त्यांना खरंच अजून कळलं नव्हतं की आपलं काय चुकलं.

"बाबा," वैभवी म्हणाली, "हे चित्र मी काढलं, कुणाच्या नोकरीत नसताना आणि कुणी न सांगता. तुमच्या घरात आला तो चित्र काढलेला कागद. तो तुमचाच, खुशाल टांगा. पण छापायचा हक्क मी लिहून दिल्याशिवाय कुणाकडेच जात नाही. तुमच्याकडे तो नव्हता, तर तुम्ही ताराचंदकाकांना काय दिलं?"

"म्हणजे मी चोर?"

"नाही बाबा. पण कागदावर चोर मी आहे."

ऋषिकेशनं पहिल्यांदा फोन खाली ठेवला.

बाबारावांनी रात्रीच फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी ताराचंद स्वतः आले. अगदी मोकळे, हसतमुख. चूक झाली म्हणाले, वकील नवीन आहे म्हणाले, सुनेला 'बेटा' म्हणाले. सोबत एक नवीन कागद होता.

"हे एवढं करून दे बेटा. लिहिलं आहे का चित्र तू बाबारावजींच्या सांगण्यावरून, त्यांच्या कारखान्यासाठी काढलं. बस. मी नोटीस वापस घेतो. अन् तुझ्या त्या पुस्तकाले परमिशनबी देऊन टाकतो. फ्री!"

परमिशन! ऐकलंत? वैभवीला, वैभवीनं काढलेलं चित्र वापरायची, ताराचंदांकडून! मी काचेत नसते तर काय केलं असतं कोण जाणे.

"काका, हे काढलं तेव्हा मला बाबांचं नावही माहीत नव्हतं," वैभवी म्हणाली. "दोन वर्षं झाली."

"ते मालूम आहे. पण तारीख कोण पाहते, बेटा?"

"मी पाहते."

ताराचंद हसले. त्यांना ती लाजतेय असं वाटलं असावं. "ठीक आहे. परवा येतो. सही करून ठेव. बाबारावजी, समजवा जरा. पुढच्या सीझनची ऑर्डरबी द्याची आहे." हे शेवटचं वाक्य त्यांनी चपला घालता घालता म्हटलं. व्यापारी माणसं महत्त्वाचं नेहमी चपला घालताना बोलतात.

कागद टीपॉयवर राहिला, वर टीव्हीचा रिमोट. शुक्रवारी सकाळी घरातला प्रत्येक जण त्याच्या बाजूनं गेला आणि कुणी त्याला हात लावला नाही. शेवटी ऋषिकेश बोलला. मनानं वाईट नाही तो. त्याला फक्त भांडण नको असतं, आणि भांडण टाळायला नेहमी ज्याचं नुकसान झालं त्यालाच पुढे करतात.

"वैभवी, एक सही तर आहे. करून टाक ना. बाबांचं किती अडलंय."

"लग्नाच्या रजिस्टरवरही एकच सही होती," वैभवी म्हणाली.

ऋषिकेश आंघोळीला गेला. खरं तर त्याची आंघोळ झाली होती.

देवकी तेव्हा कूलरच्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या उन्हात ठेवायला काढत होत्या. उन्हाळा तोंडावर आला होता. हात तसेच धुळीचे, त्या दिवाणखान्यात आल्या आणि बाबारावांसमोर उभ्या राहिल्या.

"अहो, माझा मोर कुठं आहे?"

"कोणता मोर?"

"मोत्यायचा. माझ्या रुखवतातला. एवढा मोठा. सहा महिने ओवला होता मी."

बाबारावांनी पेपर खाली केला. "तो तं... माझ्या बाबांनी बँकेच्या साहेबाले दिला होता ना. कारखान्याच्या वेळी."

"हाव. लग्नाले पंधरा दिवस झाले होते. मले कोणी विचारलं होतं?"

"आता ते जुनं काहून काढून राहिली?"

"ऐका तं. पुढच्या साली साहेबाच्या बायकोनं हळदीकुंकवाले बोलावलं. गेली मी. तिच्या हॉलमध्ये माझा मोर. मले म्हणे, 'या, पाहा, मी ओवला.' मलेच!"

"मंग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, छान आहे. मोराचा डोळा बारीक निघाला." देवकींनी हात पदराला पुसले. "वान घेतलं अन् आली घरी."

बाबारावांनी पेपरची घडी केली. "इतक्या वर्षांत बोलली काहून नाही?"

"आता बोलून राहिली ना," देवकी म्हणाल्या, आणि ताट्या घेऊन अंगणात गेल्या.

वैभवी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्या दोघींनी नंतर एकाच ताटातली वांगी चिरली, हे मी दारातून पाहिलं.

शनिवारी सकाळी बाबारावांनी चष्मा शोधला. सापडला. कोरा कागद घेतला आणि सोफ्यावर माझ्याकडे पाठ करून बसले. अर्धं पान लिहून अडले.

"सूनबाई, 'मी चित्राचा मालक नव्हतो' असं लिहू, की 'मी मालक आहे असं मले वाटलं' असं लिहू?"

"खरं ते लिहा, बाबा."

"दोन्ही खरं आहे."

"मग दोन्ही लिहा."

त्यांनी दोन्ही लिहिलं. खाली सही केली, यावेळी वाचून. एक प्रत वैभवीनं अरुंधतीताईंना पाठवली, सोबत चित्राच्या पहिल्या कच्च्या रेखाटनांच्या तारखा. दुसरी प्रत घेऊन बाबाराव स्कूटरवर कळमन्याला गेले. फोन करून चाललं असतं, पण तीस वर्षांची दोस्ती होती. तोंडावर सांगायला हवं म्हणाले.

दुपारी परत आले. पाणी प्यायले. देवकींनी विचारलं, "काय म्हणाले?"

"चहा नाही पाजला त्यानं," बाबाराव म्हणाले. मग पेला खाली ठेवत, "पुढची खोकी दुसरीकडून घेईन म्हणे."

म्हणजे यात कुणी सगळं जिंकलं, असं समजू नका. सोमवारी मुखपृष्ठ छपाईला गेलं, मी आहे तशी. त्या पुस्तकावर माझा पडलेला दात आहे, गोंदण आहे, काळं नख आहे, आणि आतल्या पानावर वैभवी चरडे हे नाव आहे. पण ताराचंदांच्या वकिलाचं उत्तर आलं, 'छापून झालेला माल संपेपर्यंत वापर चालू राहील.' छापून झालेला माल किती, हे त्यांनी लिहिलं नाही. वैभवीनं आपल्या नावानं नोटीस दिली आहे. उत्तर अजून यायचं आहे. कारखान्यातलं एक मशीन सध्या बंद आहे. बाबाराव माझ्याबद्दल पाहुण्यांना अजून सांगतात, पण आता वाक्य बदललं आहे. म्हणतात, "सुनेचं चित्र आहे. आमच्याकडे टांगलं आहे." त्यात किती नमतं घेतलं आहे, हे पाहुण्यांना कळत नाही. मला कळतं.

आणि ती गोरी बाई रोज कळमन्यातून ट्रकात बसून निघते. दिल्लीला जाते, कोलकात्याला जाते. ज्या घरी संत्री जातात तिथं तिचं खोकं राहतं. तुम्ही खोकी फेकत नाही, मला माहीत आहे. त्यात जुनी पुस्तकं भरता, स्वेटर भरता, दिवाळीचे दिवे भरता, आणि माळ्यावर ठेवता.

माझी एवढीच विनंती आहे. ते खोकं खाली उतरवा. घरात पेन असेलच. 'निव्वळ वजन' लिहिलं आहे ना, त्याच्या खाली जागा आहे. तिथं स्वच्छ अक्षरात लिहा:

मूळ चित्र: वैभवी चरडे. विचारलं नव्हतं.

मग ठेवा वर, तुमचे स्वेटर भरून.